साखर उतरली तरी इन्सुलिनची ड्रिप चालू का ठेवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय २४, टाइप १ मधुमेह, वजन ५० किलो. दोन दिवस ताप आणि उलट्या. पोटात काही ठरत नाही म्हणून इन्सुलिनही बंद. दवाखान्यात नेला तेव्हा शुगर ४८०, पीएच ७.१२, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) ८, पोटॅशियम ५.४. आयसीयूत इन्सुलिनची ड्रिप लावली. चार तासांत शुगर २१० झाली, तरी ड्रिप काढली नाही. उलट ग्लुकोजचं सलाईन जोडलं आणि आधीच जास्त असलेलं पोटॅशियम वरून द्यायला सुरुवात केली. दहा तासांनंतरही बायकार्बोनेट १७ वरच. ‘एका हाताने साखर उतरवायची आणि दुसऱ्या हाताने चढवायची, हा काय प्रकार? की इन्सुलिन त्याला लागूच पडत नाहीये?’

लागू पडत होतं, आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच चांगलं लागू पडत होतं. घोटाळा होतो तो एका समजुतीमुळे: इन्सुलिन म्हणजे साखर उतरवणारं औषध. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी फुटून रक्त आंबट होण्याच्या आजारात, वॉर्डातल्या भाषेत डीकेएमध्ये, ती ड्रिप मुख्यतः चरबीचं वितळणं थांबवायला लावलेली असते. साखर खाली येते ते त्याच्या जोडीने, आणि तेही बरंचसं सलाईनमुळे.

इन्सुलिन शरीरात तीन ठिकाणी तीन वेगळी कामं करतं, आणि प्रत्येक कामाला लागणारी मात्रा वेगळी आहे. चरबीच्या पेशी इन्सुलिनला सगळ्यांत आधी दाद देतात. रक्तात दर मिलिलिटरला साधारण १० ते २० मायक्रोयुनिट इन्सुलिन असलं तरी चरबी फुटणं निम्म्यावर येतं. यकृताला ग्लुकोज बनवणं आवरायला त्याहून जास्त लागतं, तिशीच्या आसपास. आणि स्नायूंनी रक्तातली साखर आत ओढून घ्यावी यासाठी ५०-६० किंवा त्याहूनही वर जावं लागतं. निरोगी माणसाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन साधारण ५ ते १५ असतं. म्हणजे रात्रभर उपाशी झोपलेल्या माणसात चरबीवर पुरेसा लगाम असतो, पण स्नायू साखर फारशी ओढत नाहीत. हे तीन उंबरठे लक्षात ठेवले की मधुमेहातल्या दोन्ही मोठ्या संकटांचा उलगडा होतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन शून्याजवळ गेलं की तिन्ही लगाम सुटतात आणि कीटोन, म्हणजे चरबी फुटून यकृतात बनणारे पदार्थ, साचतात. वयस्कर टाइप २ रुग्णात थोडंफार स्वतःचं इन्सुलिन उरलेलं असतं. ते चरबी आवरायला पुरतं, साखर आवरायला पुरत नाही. म्हणून त्याची साखर ९०० पर्यंत चढते, पण रक्त आंबट होत नाही.

तुमच्या भावात काय झालं ते आता पाहू. इन्सुलिन बंद, वर तापामुळे ग्लुकागॉन, कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन आणि ग्रोथ हार्मोन हे चारही चढलेले. चारही ताणाचे हार्मोन, इन्सुलिनच्या विरुद्ध बाजूचे. चरबीच्या पेशींमधून मोकळी फॅटी अ‍ॅसिड्स सुटून यकृताकडे निघाली. यकृतात एक दार असतं, तिथून फॅटी अ‍ॅसिड मायटोकॉन्ड्रियात शिरतं. पोटभर जेवलेल्या माणसात ते दार मॅलोनिल-कोए नावाच्या रेणूने अडवलेलं असतं. ग्लुकागॉन वाढलं आणि इन्सुलिन पडलं की मॅलोनिल-कोए संपतं, दार सताड उघडतं, आणि आत गेलेल्या फॅटी अ‍ॅसिडचे कीटोन बनत राहतात. म्हणून या आजारात नुसत्या इन्सुलिनच्या पातळीपेक्षा इन्सुलिन आणि ग्लुकागॉन यांचं गुणोत्तर जास्त महत्त्वाचं.

कीटोन तीन असतात: बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन. पहिली दोन खरी आम्लं. अ‍ॅसिटोन आम्ल नाही, ते श्वासातून बाहेर पडतं, आणि रुग्णाजवळ वाकलं की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा जो वास येतो तो त्याचाच. ही आम्लं बायकार्बोनेट खाऊन टाकतात. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून तोल सांभाळायला बघतात, म्हणून श्वास खोल आणि भरभर चालतो. कुसमाउल या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये वर्णन केलेला तोच श्वास. घरच्यांना तो दम्यासारखा वाटतो. पोटदुखी आणि उलट्या तर इतक्या असतात की कधी कधी रुग्ण आधी सर्जनकडे पोचतो, अपेंडिक्स समजून. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. पण डीकेएमध्ये जंतुसंसर्ग नसतानाही त्या वाढतात.

आता उपचारात सगळ्यांत आधी काय, तर पाणी. साखर मूत्रावाटे जाताना पाणी ओढून नेते, वर उलट्या. मोठ्या माणसात तूट किलोमागे १०० मिलिलिटरच्या घरात असते. ५० किलोच्या माणसात म्हणजे जवळजवळ पाच लिटर. हृदय-मूत्रपिंड ठीक असतील तर पहिल्या काही तासांत तासाला अर्धा ते एक लिटर एनएस (साधं मिठाचं सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) जातं. नुसत्या या पाण्यानेच साखर उतरू लागते. एक तर रक्त पातळ होतं, दुसरं म्हणजे मूत्रपिंडाला पुन्हा रक्त मिळून साखर मूत्रात जाते, आणि ताणाचे हार्मोन खाली येऊन शरीर इन्सुलिनला नीट दाद देऊ लागतं. पाणी न भरता आधी इन्सुलिन ठोकलं तर उलटाच प्रकार होतो. साखर पेशींत शिरते, तिच्यामागे रक्तवाहिन्यांतलं पाणीही शिरतं आणि आधीच खचलेलं ब्लडप्रेशर कोसळतं.

मग इन्सुलिन. रेग्युलर म्हणजे पारदर्शक इन्सुलिन शिरेतून, किलोमागे तासाला ०.१ युनिट. ५० किलोला तासाला ५ युनिट. काही ठिकाणी आधी किलोमागे ०.१ युनिटचा एकरकमी डोस देतात. तो न देता चालतं, आणि मुलांना तर देऊच नये. एवढ्या ड्रिपने रक्तातली इन्सुलिनची पातळी १०० मायक्रोयुनिटच्या आसपास किंवा वर जाते, म्हणजे वरचे तिन्ही उंबरठे पार होतात. अर्धा तास आणखी वाट न पाहता डोस दुप्पट केला तर? फारसं काही नाही. पेशींवरचे इन्सुलिनचे रिसेप्टर जेवढं काम द्यायचं तेवढं देऊन चुकलेले असतात, वरचं इन्सुलिन बहुतांशी वायाच. वाढतो तो फक्त पोटॅशियम कोसळण्याचा आणि शुगर एकदम पडण्याचा धोका. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डीकेएमध्ये एका वेळेस ५०-१०० युनिट देणं सर्रास होतं. १९७३ मध्ये ऑक्सफर्डच्या अल्बर्टी, हॉकडे आणि टर्नर यांनी तासाला थोड्या युनिटवरच रुग्ण बरे होतात हे दाखवलं, पुढे अमेरिकेत मेम्फिसला कितबची यांनी कमी आणि जास्त डोसची समोरासमोर तुलना केली, आणि मोठे डोस मागे पडले. आज ज्याला ‘लो डोस’ म्हणतात ते शरीराच्या हिशेबाने मुळीच लो नाही. फक्त जुन्या डोसपेक्षा लो आहे.

साखर तासाला ५० ते ७५ ने उतरावी ही अपेक्षा असते. तुमच्या भावाची ४८० वरून चार तासांत २१०, म्हणजे तासाला ६७. यापेक्षा चांगला प्रतिसाद मागता येणार नाही.

आणि इथेच तुमचा मुख्य प्रश्न येतो. चार तासांनी साखर २१०, पण रक्तात कीटोन शिल्लक. हे कळतं कसं? अ‍ॅनायन गॅपवरून, म्हणजे रक्तात न मोजलेलं आम्ल किती आहे याच्या अंदाजावरून. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करायचं. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये आल्यावर सोडियम १३०, क्लोराइड ९४, बायकार्बोनेट ८, म्हणजे गॅप २८. चार तासांनी १३६, १०६ आणि १२, गॅप १८. साधारण १२ पर्यंत ठीक. म्हणजे आम्ल निम्म्याहून जास्त गेलं, पण संपलेलं नाही. साखर लवकर उतरते, कीटोन मागे रेंगाळतात. बहुतेक रुग्णांत त्यांना साखरेपेक्षा कितीतरी तास जास्त लागतात. या टप्प्यावर ‘साखर आली ताब्यात’ म्हणून ड्रिप काढली तर काय होईल? शिरेतून दिलेल्या इन्सुलिनचं अर्धायुष्य जेमतेम ५ मिनिटांचं. अर्ध्या तासात रक्तात जवळजवळ काही उरत नाही. चरबी पुन्हा फुटू लागते, आणि सकाळी रुग्ण जिथून सुरुवात केली तिथेच.

मग इन्सुलिन चालू ठेवायचं, आणि साखर मात्र पडू द्यायची नाही. दोन्ही साधायचं तर वरून साखर द्यायलाच हवी. शुगर २५० च्या खाली आली की ५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) जोडतात, आपल्याकडे बहुधा डीएनएसची, म्हणजे ग्लुकोज आणि मीठ एकत्र असलेल्या सलाईनची बाटली. साधारण याच सुमारास इन्सुलिन निम्मं करतात, ०.०५ युनिट, म्हणजे इथे तासाला अडीच युनिट, आणि साखर १५० ते २०० मध्ये ठेवतात. त्या डीएनएसमधून तासाला सहा-सात ग्रॅम साखर जाते. ही साखर उपचार बिघडवत नाही. तिच्या आधारानेच इन्सुलिन चालू ठेवता येतं. दिलेलं ग्लुकोज आणि इन्सुलिन मिळून यकृतातलं ते मॅलोनिल-कोएचं दार पुन्हा बंद करायला मदत करतात. सिस्टरने ‘शुगर ११० आली, ड्रिप थांबवू का?’ असं विचारलं तर त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘डेक्स्ट्रोज वाढवा’ हे असतं.

लघवीतल्या कीटोनवर मात्र कुणी भरवसा ठेवू नये. लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मोजते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजतच नाही. डीकेए भरात असताना दुसरं पहिल्याच्या बऱ्याच पटींनी जास्त असतं, म्हणून पट्टी आजार कमी दाखवते. उपचार सुरू झाला की बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचं अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होतं, आणि रुग्ण सुधारत असताना पट्टी जास्त गडद होते. घरचे घाबरतात, कधी कधी ज्युनियर डॉक्टरही. रक्तातले कीटोन मोजायची सोय असेल तर ते तासाला निदान ०.५ ने उतरायला हवेत. नसेल तर गॅप आणि शिरेतल्या रक्ताचं पीएच पुरेसं; पुन्हा पुन्हा धमनीला सुई टोचायची गरज नाही.

दहा तासांनंतरचं बायकार्बोनेट १७ हा निराळाच मामला आहे. त्या वेळचे आकडे: सोडियम १३८, क्लोराइड १११, बायकार्बोनेट १७. गॅप १०. म्हणजे कीटोन गेले! उरलेली आंबटता क्लोराइडची आहे, लिटरामागून लिटर एनएस गेल्याने आलेली. शिवाय जे कीटोन लघवीतून वाहून गेले त्यांच्यापासून परत बायकार्बोनेट बनलं असतं, तेही गेलं. ही आंबटता मूत्रपिंड एक-दोन दिवसांत आपोआप निस्तरतं. तिच्यासाठी इन्सुलिन वाढवणं किंवा सोडाबायकार्बचं इंजेक्शन देणं चूक. सोडाबायकार्ब फक्त पीएच ७.० च्याही खाली गेलं तर.

आता पोटॅशियम. डीकेएमध्ये उपचारातल्या चुकीने जीव जातो तो बहुतेक वेळा इथे. भावाचं पोटॅशियम आल्यावर ५.४ होतं, म्हणून ‘जास्त’ वाटलं. खरं तर त्याच्या शरीरात ते फार कमी होतं. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. इन्सुलिन नसलं आणि रक्त दाट झालं की ते पेशींतून बाहेर येतं, तिथून लघवीत आणि उलटीत निघून जातं. रक्तात जे दिसतं ते घरातून निघून दारात उभं राहिलेलं. एकूण तूट किलोमागे ३ ते ५ मिलिमोल. त्याच्यात १५० ते २५० मिलिमोल. इन्सुलिन पोचताच पेशीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालू होतो आणि दारातलं सगळं परत आत जातं. चार तासांत ५.४ चं ३.६ होणं यात काही आश्चर्य नाही. न भरता तसंच सोडलं असतं तर ते २.५ लाही गेलं असतं, आणि तिथे हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू लटके पडतात.

म्हणून नियम असा. आल्यावर पोटॅशियम ३.५ पेक्षा कमी असेल तर इन्सुलिन सुरूच करायचं नाही. आधी तासाला १० ते २० मिलिमोल पोटॅशियम भरून ते ३.५ च्या वर आणायचं. साखर ६०० असू दे, कीटोन असू देत, थांबायचं. ३.५ ते ५ च्या मध्ये असेल आणि लघवी होत असेल तर दर लिटर सलाईनमध्ये १० ते २० मिलिमोल, आणि ३.५ च्या जवळ घसरू लागलं तर जास्त. ५ च्या वर असेल तर वरून पोटॅशियम अजून नको, पण दोन तासांनी पुन्हा तपासायचं. रिपोर्ट यायला वेळ लागणार असेल तर निदान ईसीजी काढून टी-वेव्ह बघायची.

इथे एक बारीक गोष्ट. आपल्याकडची केसीएलची १० मिलिलिटरची अँप्युल म्हणजे २० मिलिमोल. स्टँडवर उलटी टांगलेल्या बाटलीत ती टोचली आणि बाटली हलवली नाही तर केसीएल जड असल्याने तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच, साचतं. पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ निखळ पोटॅशियम शिरेत जातं. शिर जळते, रुग्ण ओरडतो. तेवढ्यावर निभावलं तर नशीब. बाटली खाली काढायची, केसीएल घालायचं, पाच-सहा वेळा उलटीपालटी करायची, मगच टांगायची. आणि अँप्युल सिरिंजमध्ये घेऊन थेट शिरेत तर कधीच द्यायची नाही.

इन्सुलिन खरंच लागू पडत नाही असंही होतं. दोन तास झाले तरी साखर जागची हलत नाही, गॅप तसाच. अशा वेळी पहिला विचार ‘रेझिस्टन्स’चा येतो. आंबट रक्तात इन्सुलिनचं रिसेप्टरशी जुळणं कमी होतं, ताणाचे हार्मोन आणि फॅटी अ‍ॅसिड्स पेशीच्या आतला पुढचा निरोप अडवतात, हे सगळं खरं. पण तो विचार यादीत शेवटचा. आधी ड्रिप तपासायची.

आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल ४० आणि १०० अशा दोन ताकदींच्या मिळतात. ४० वाली वायल म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता समजा सिरिंज पंपात ५० मिलिलिटर एनएसमध्ये ५० युनिट घालायचे आहेत, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट. वायल ४० ची असेल तर त्यासाठी सव्वा मिलिलिटर लागतं. कुणी घाईत नारिंगी टोपणाची सिरिंज घेऊन ‘५०’ च्या खुणेपर्यंत भरली तर आत जातं अर्धा मिलिलिटर, म्हणजे फक्त २० युनिट. पंपावर तासाला ५ मिलिलिटर दिसत राहतं, रुग्णाला मिळतात २ युनिट. चार्टवर मात्र ‘इन्सुलिनला प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. उलट घोटाळा, म्हणजे १०० ची वायल आणि लाल सिरिंज, त्याहून वाईट. अडीच पट डोस जातो.

दुसरं, इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. नवी नळी लावली की पहिलं २० मिलिलिटर द्रावण नळीतून सोडून टाकून द्यायचं, मगच रुग्णाला जोडायचं. नाहीतर पहिला तासभर इन्सुलिन नळीच पीत बसते. सिरिंज पंप नसलेल्या छोट्या दवाखान्यात ५० युनिट ५०० मिलिलिटर एनएसमध्ये घालून मायक्रोड्रिप सेटवर देता येतं: मिनिटाला ५० थेंब म्हणजे तासाला ५ युनिट. फक्त ही बाटली सलाईनच्या बाटलीपासून वेगळ्या लाईनवर हवी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं. तिसरं, सुई शिरेत आहे ना. सुजलेला हात चादरीखाली असला की दिसत नाही. चौथं, दुधाळ दिसणारं ३०/७० चं मिश्र इन्सुलिन शिरेतून चालत नाही. पाचवं, वायल कुठे ठेवलेली होती. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात राहिलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं असतं आणि कामाला शून्य.

हे सगळं बरोबर असेल तर मग रुग्णाकडे पुन्हा बघायचं: कुठेतरी पू आहे का, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, हार्ट अटॅक, स्वादुपिंडाची सूज, कुणी स्टेरॉइड दिलंय का. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो. चेहऱ्याच्या एका बाजूची सूज, डोळ्यामागे दुखणं, नाकातून काळपट स्राव दिसला तर म्युकरमायकोसिस. २०२१ मध्ये महाराष्ट्राने हा बुरशीचा आजार भरपूर पाहिला. आंबट रक्तात लोह मोकळं होतं आणि त्या बुरशीला तेच हवं असतं. कारण हुडकल्याशिवाय डोस वाढवून काही साधत नाही. सगळं तपासूनही गॅप हलत नसेल, तर मात्र तासाला एखाद्या युनिटने इन्सुलिन वाढवायचं.

अलीकडे आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि खूप लोक घेतात. त्या साखर लघवीतून बाहेर काढतात. अशा माणसाने आजारपणात, ऑपरेशनआधी किंवा कडक उपासात जेवण सोडलं की साखर १६०-१८० असतानाही डीकेए होऊ शकतं. एचजीटी, म्हणजे बोटाला टोचून केलेली शुगर, ठीक दिसते, म्हणून सगळे निर्धास्त, आणि रुग्ण मात्र खोल श्वास घेत उलट्या करतोय. इथे इन्सुलिनच्या जोडीने डेक्स्ट्रोज पहिल्या मिनिटापासून द्यावं लागतं. ठरलेल्या ऑपरेशनआधी या गोळ्या निदान तीन दिवस बंद ठेवतात त्याचं कारण हेच.

वर उल्लेख केलेला दुसरा आजार, वयस्कर माणसांमधला, ज्यात साखर ६०० च्या वर, रक्त दाट आणि कीटोन नाममात्र, तिथे इन्सुलिनची घाई नसते. आधी पाणी. पाण्याने साखर उतरत असेपर्यंत इन्सुलिन थांबू शकतं. उतरणं थांबलं की किलोमागे ०.०५ युनिटने सुरू करायचं. हे लोक कित्येक दिवस हळूहळू सुकत आलेले असतात आणि मेंदूने त्या दाटपणाशी जुळवून घेतलेलं असतं. रक्त एकदम पातळ केलं तर मेंदूत पाणी शिरतं. म्हणून साखर सुरुवातीला २०० ते २५० च्या खाली आणत नाहीत.

मेंदूला सूज येण्याची खरी भीती मुलांमध्ये. त्यांना सलाईन सुरू करून तासाभरानेच इन्सुलिन लावतात, ०.०५ ते ०.१ ने. उपचार चालू असताना मूल डोकं दुखतंय म्हणालं, चिडचिड करू लागलं, नाडी मंदावली, किंवा आधी बोलत होतं आणि आता गुंगीत चाललंय असं दिसलं तर स्कॅनची वाट न पाहता मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाईन द्यावं लागतं. आईने ‘हा नेहमीसारखा नाहीये’ म्हटलं तर ते मॉनिटरइतकंच गांभीर्याने घ्यावं.

ड्रिप काढायची केव्हा? साखर २०० च्या खाली, पीएच ७.३ किंवा बायकार्बोनेट १८ च्या वर, रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली. भावाचं बायकार्बोनेट १७ असलं तरी पीएच ७.३२ आणि गॅप बंद आहे, त्यामुळे तो तिथे पोचल्यासारखाच आहे. पण आधी त्वचेखाली लांब पल्ल्याचं इन्सुलिन द्यायचं आणि त्यानंतर एक ते दोन तास ड्रिप चालूच ठेवायची. त्वचेखालचं इन्सुलिन रक्तात यायला वेळ लागतो. शिरेतलं काही मिनिटांत संपतं. मधल्या पोकळीत कीटोन परत येतात. सकाळचा राउंड होऊन ‘ड्रिप बंद, इंजेक्शन चालू’ असा एकाच ओळीचा आदेश निघाला की दुपारपर्यंत उलट्या परत सुरू होतात, त्या बहुधा यामुळे. काही ठिकाणी रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन ड्रिप चालू असतानाही बंदच करत नाहीत. त्याने हा प्रश्न बराच सुटतो.

आता घरी. ‘खात नाहीये म्हणून इन्सुलिन दिलं नाही’ हे वाक्य या आजाराच्या केसपेपरवर इतकं सापडतं की ते पहिल्या ओळीत छापून ठेवायला हरकत नाही. टाइप १ मध्ये लांब पल्ल्याचं इन्सुलिन उपाशी असतानाही घ्यायचंच. ते जेवणासाठी नसून चरबीवरच्या लगामासाठी आहे. कमी होऊ शकतं ते जेवणाआधीचं. ताप आला तर एकूण गरज वाढते, घटत नाही. दर दोन-तीन तासांनी शुगर आणि कीटोन बघायचे. रक्तातले कीटोन १.५ च्या वर गेले तर दिवसभराच्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के इतकं जलद इन्सुलिन जादा, आणि शुगर त्या मानाने कमी असेल तर त्यासोबत सरबत, उसाचा रस असं काही गोड पिऊन. हा हिशेब आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन फ्रीजच्या दारावर लावलेला बरा. पाणी, ताक, मीठ घातलेली पेज थोडी थोडी चालू ठेवायची. कीटोन ३ किंवा त्याहून वर, दोन-तीन तास पाणीही पोटात न ठरणं, किंवा श्वास खोल चालणं, यांपैकी काहीही झालं तर गाडी काढायची. निघताना इन्सुलिनची वायल आणि सिरिंज दोन्ही सोबत घ्यायची, म्हणजे ४० ची की १०० ची हे तिथल्या सिस्टरला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.